दाभणावर लटकलेलं कार्ड

एका मंगळवारी दुपारी मी एकशे बेचाळीस मुलांचे विषय एकमेकांत वाटून टाकले. पास झालेल्यांना नापास केलं, नापास होते त्यांना पास केलं. हेतू वाईट नव्हता, मला फक्त नावं अकारविल्हे लावायची होती. एक्सेलमध्ये नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. संगणकाने बापड्याने विचारलंसुद्धा, शेजारचे रकाने सोबत हलवू का? मी म्हटलं, नको. नावं हलली, विषय होते तिथेच राहिले. आणि त्या मुलांना मी शिकवत काय होतो? व्यवस्थापन माहिती प्रणाली.

ही फजिती मी पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. सांगताना मी दर वेळी खोब्रागडे मॅडमना गाळतो. त्या आल्या की गोष्ट हसण्याजोगी राहत नाही. आज मात्र त्यांच्यापासूनच सुरू करायला हवं.

आमचं कॉलेज लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. समोर धानाच्या बांध्या, मागे तलाव, मध्ये दोन मजली इमारत. बी.बी.ए.चा कोर्स नवाच निघाला होता, आणि त्याला शिकवायला तासिका तत्त्वावर मी. भंडाऱ्याहून रोज एसटीने जायचो. एम.बी.ए. झालो होतो, त्यामुळे आपण खेड्यात आधुनिक ज्ञान घेऊन चाललो आहोत अशी एक झिंग होती. उतरताना ती झिंग बसमध्येच विसरलो असतो तर बरं झालं असतं. इतर वस्तू विसरतोच.

ऑफिसला एक खिडकी होती, जाळीची, खाली अर्धगोल फट असलेली. तिच्या आत पंचशीला खोब्रागडे मॅडम बसायच्या. बुटक्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला काळी दोरी. बारावीवर कारकून म्हणून लागल्या आणि तीसेक वर्षं त्याच खुर्चीवर राहिल्या. मुलांचं त्यांच्याशी बोलणं बहुधा एका वाक्यात संपायचं. मुलगा म्हणायचा, "मॅडम, माझं सगळं क्लिअर आहे." मॅडम म्हणायच्या, "तुह्या म्हनन्यानं होत नसते बावा. थांब, पाहू दे."

मग त्या टेबलाखालून एक लाकडी पेटी ओढायच्या. पेटीत कार्डं. बाद फायलींचे पुठ्ठे कापून केलेली, प्रत्येक मुलाचं एक. कार्डाच्या वरच्या काठाला ओळीने छिद्रं पाडलेली, प्रत्येक छिद्र म्हणजे पदवीसाठी लागणारी एक गोष्ट. चौदावं छिद्र पर्यावरणाचं, एकोणिसावं प्रकल्प अहवालाचं, तेविसावं माझ्या विषयाचं. मुलगा तो विषय पास झाला की मॅडम कात्रीने छिद्रापासून काठापर्यंत कापून टाकायच्या. छिद्राची खाच व्हायची. आणि कोणाचं काय राहिलं आहे हे बघायचं झालं की सगळा गठ्ठा ठोकून सरळ करायचा, त्या छिद्रातून दाभण घालायचं आणि गठ्ठा उचलून झटकायचा. पास झालेल्यांची कार्डं खाचेतून सुटून खाली पडायची. राहिलेल्यांची दाभणावर लटकून राहायची.

ते दाभण त्यांच्या वडिलांचं. वडील राईस मिलमध्ये धानाची पोती शिवायचे. टोक झिजलं होतं, पण चमक होती.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसलो होतो. चांगला मोठ्याने. "मॅडम, हे काय, विणकाम चाललं आहे का?" मॅडम वर न पाहता म्हणाल्या, "तुमच्या वर्गातले नऊ पोट्टे पर्यावरनात लटकले, सर. इनकाम पाहाचं असन तं नावं सांगू?"

नऊच होते. मी माझ्या यादीत चार धरले होते.

पर्यावरणाचा तो पेपर सगळ्यांनी हलक्यात घ्यावा असाच होता. त्याचे गुण टक्केवारीत धरत नसत, म्हणून मुलं तो द्यायची नाहीत, आणि तो दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. एकदा शेवटच्या वर्षाचा एक मुलगा वडिलांना आणि पेढ्यांचा डबा घेऊन खिडकीशी आला. निकाल लागला होता, सहाही सत्रं पास. मॅडमनी पेढा घेतला, तोंडात टाकला, गठ्ठा उचलला आणि झटकला. मुलाचं कार्ड चौदा नंबरवर लटकलं. वडील गोंधळले. मॅडमनी त्यांना दोन भाषांत समजावलं, एक विद्यापीठाची आणि एक आपली. "काका, धान कापलं, चुरलं, पोत्यात भरलं. पन पोतं शिवलंच नाही. उचलसान तं सांडन." मग मुलाकडे वळून, "पेढा गोड होता बावा. पुढच्या हप्त्यात फॉर्म भर, मंग आखीन आनजो."

जेवणाच्या सुट्टीत सगळा स्टाफ एकत्र बसायचा. मॅडम खिडकीपाशीच डबा उघडायच्या, जाळीकडे तोंड करून. मी सुरुवातीला समजलो, कामाचा सोस. एकदा बोलावलं, "या ना मॅडम, आमच्यात बसा." म्हणाल्या, "तुमी सारे घरच्या गोष्टी सांगता जी. मी काय सांगू? इथं बसलं तं कोनी ना कोनी खिडकीत येते, काहीतरी इचारते."

त्या दिघोरीच्या. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, तेव्हा दोन धाकट्या भावांना याच खिडकीच्या पगारावर शिकवलं. एक पुण्याला, एक हैदराबादला. घर चार खोल्यांचं, त्यातल्या तीन बंद. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की बाकी सगळे खूश असायचे, आणि मॅडम शेवटच्या दिवशी उगाच कपाटं आवरत थांबायच्या. एका वर्षी मी विचारलं, "घरी जायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "बस सव्वापाचची आहे. लवकर जाऊन कोनाले उठवाचं आहे?"

या वाक्यावर मी हसलो होतो. मला ते विनोदी वाटलं होतं.

मग कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं, आणि प्राचार्यांना सगळं 'डिजिटल' हवं झालं. मी हात वर केला. बोलावलं नसताना हात वर करणं ही माझी जुनी खोड. पेटीतली सगळी कार्डं मी एक्सेलमध्ये उतरवायची असं ठरलं. उतरवता उतरवता पेटीच्या अगदी तळाशी एक कार्ड सापडलं. पुठ्ठा जुना, काठ हाताळून मऊ पडलेला. सगळ्या छिद्रांच्या खाचा झालेल्या, एक सोडून. तेविसावं. वर नाव होतं: खोब्रागडे पी.

मी खिडकीपाशी जाऊन विचारलं, "मॅडम, हे कार्ड…"

त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. कान लाल झाले होते. "हे कॉम्प्युटरात टाकू नोका."

त्या बाहेरून बी.बी.ए.ला बसत होत्या. कोणालाही न सांगता, एकेक सत्र करत. परीक्षेला दुसऱ्या केंद्रावर जायच्या, त्या दिवसाची रजा 'घरगुती काम' म्हणून टाकायच्या. एकच पेपर निघत नव्हता, आणि तो माझा. व्यवस्थापन माहिती प्रणाली. तीनदा नापास.

"कशासाठी मॅडम? दोन महिन्यांत तर रिटायर होणार तुम्ही. बढती नाही, काही नाही."

त्यांनी कपाटातून पदवीवाटपाचं रजिस्टर काढलं. जाडजूड, कडा फाटलेलं. इतक्या वर्षांत इथून पदवी घेऊन गेलेल्या प्रत्येकाची त्यात सही होती. "हे सारे त्या बाजूनं सही करून गेले, सर. मी या बाजूनं. एकडाव मले त्या बाजूनं सही कराची आहे. दाखवाचं कोनाले नाही. घरी पाहनार आहे तरी कोन?"

शिवाय घाई होती. नवं शैक्षणिक धोरण आलं होतं, जुना अभ्यासक्रम बंद होत होता. येत्या उन्हाळ्यातली परीक्षा ही जुन्या पॅटर्नवाल्यांची शेवटची संधी. ती हुकली की आधीचे पास झालेले सगळे विषय वाया, पुन्हा पहिल्या वर्षापासून.

मग मी त्यांना शिकवायला लागलो. पाच वाजता ऑफिस बंद झाल्यावर, सव्वापाचची बस यायच्या आधी, रोज पंधरा मिनिटं, स्टॉपवरच्या सिमेंटच्या बाकावर. पहिल्याच दिवशी मी डेटा आणि इन्फर्मेशन यांतला फरक सांगितला. पुस्तकातली व्याख्या, तीन ओळींची, मलाही श्वास घेऊन म्हणावी लागणारी. मॅडमनी ऐकून घेतली. म्हणाल्या, "मंजे कार्डं मंजे डेटा, अन् दाभनावर लटकलं ते इन्फर्मेशन. असंच ना जी?"

मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात हेच उदाहरण दिलं, स्वतःचं म्हणून. मुलांना पहिल्यांदा माझं काहीतरी समजलं.

ती पंधरा मिनिटं त्यांना फार आवडायची, हे मला उशिरा लक्षात आलं. बस कधी उशिरा आली की त्यांचा चेहरा उजळायचा. "आज पंधरा मिन्टं जास्तीची भेटली," म्हणायच्या, आणि अभ्यास सोडून भलतंच काहीतरी सांगायच्या. तलावात यंदा सिंगाडे कमी लागले. कंडक्टर बदलला, नवा बोलत नाही. शेजारची पोट्टी, करुणा, ती पण बी.बी.ए.लाच आहे, सकाळी कॉलेजात जायच्या आधी दारातून हाक मारून जाते, तेवढीच घरात माणसाची हाक.

आता मंगळवारावर येतो. तो परीक्षा अर्ज भरायचा शेवटचा आठवडा होता. मी नावं अकारविल्हे लावली, यादी छापली आणि सूचनाफलकावर लावून दिली: कोणी कोणत्या राहिलेल्या विषयाचा अर्ज भरायचा. त्याआधी मी आणखी एक पराक्रम केला होता. समितीसमोर ऑफिस नीटनेटकं दिसावं म्हणून मॅडमची पेटी "हा कचरा आता हलवा" असं सांगून हलवायला लावली होती. 'कचरा' हा शब्द माझाच. मॅडमनी पेटी रद्दीत टाकली नाही. सगळी कार्डं एका बारदान्यात भरून घरी दिघोरीला नेली. स्वतःचं कार्ड तेवढं पर्समध्ये.

यादीवर पहिल्यांदा शंका घेतली ती करुणानेच, शुक्रवारी, अर्जाच्या शेवटच्या दिवशी. "सर, मी पर्यावरण दिलंच नाही. यादीत पास कशी काय?" मी म्हटलं, "बघ, तुझ्याच लक्षात नसेल." मग दुसरा आला, तिसरा आला. चौथ्याला मी यादी न बघताच घाम पुसत ऑफिसात नेलं. मॅडमनी पाच नावं पाहिली, एकदा संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "नावं हलवले, अन् विषय जागीच ठेवले?"

"मॅडम, मूळ फाइल…"

"तिच्यातच सेव्ह केलं?"

मी मान हलवली.

तेव्हा साडेबारा झाले होते. पोर्टल पाचला बंद होणार होतं. मॅडम उठल्या, पदर खोचला. "मी घरून कार्डं आनतो. तुमी पोट्ट्याईले फोन करा, सारे इथं पाहिजे." स्त्रिया त्या भागात स्वतःविषयी बोलताना 'आणतो', 'जातो' म्हणतात, मला ते कानाला अजून गोड लागतं. दारातून त्या परत आल्या. पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यांचा स्वतःचा अर्ज, भरलेला, फोटो चिकटवलेला. "माझं येनं-जानं होते का नाही पाच वाजतलग, भरोसा नाही. हा तेवढा तुमी चढवून द्या जी, सर."

मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. वरून थोपटला सुद्धा.

सव्वातीनला मॅडम आल्या, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर बारदाना. ऑफिसच्या फरशीवरच बसल्या. गठ्ठा सरळ केला, दाभण घातलं. चौदा नंबर. झटकलं. कार्डांचा सडा पडला, काही लटकली. त्या नावं वाचायच्या, मी संगणकावर अर्ज चढवायचो. पंधरा नंबर. झटकलं. सोळा. दारात मुलं दाटली होती, पुठ्ठे पडल्याचा आवाज ऐकत. मला मधेच वाटलं, मी इतकी वर्षं जे शिकवतो ते आज पहिल्यांदा पाहतो आहे.

पाचला चार मिनिटं कमी असताना शेवटचं लटकलेलं कार्ड झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी चष्मा पुसला आणि विचारलं, "माझा झाला ना जी?"

"हो हो," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. मला खरंच वाटलं, झाला. इतके अर्ज चढवले, त्यात तोही असणारच. खिशाकडे हातसुद्धा गेला नाही. मॅडम त्या दिवशी बसस्टॉपवर एक शब्दही अभ्यासाचा बोलल्या नाहीत. बाकावर बसून नुसत्या पाय हलवत होत्या, लहान मुलीसारख्या.

माझ्या भंडाऱ्याच्या बसमध्ये, साकोलीच्या अलीकडे, कंडक्टर तिकिटाला आला. मी खिशात हात घातला आणि घडी केलेला कागद हाताला लागला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. सोमवारी खिडकीपाशी गेलो, बाहेरच्या बाजूने, आणि फटीतून तो कागद आत सरकवला. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. तेही बसमध्येच राहिलं. मॅडमनी घडी उघडली. फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग पर्समधून कार्ड काढलं, दाभण घेतलं, तेविसाव्या भोकातून घातलं आणि उचललं. झटकलं नाही.

"लटकलं," म्हणाल्या. आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला, "तुहं काय गं?"

विद्यापीठाला विनंतीअर्ज त्यांनीच लिहिला. असे शेकडो अर्ज त्यांनी मुलांसाठी लिहिले होते, उत्तर काय येणार हे त्यांना पाठ होतं. तेच आलं. महिनाअखेर त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, दोन भाषणं. माझं नाव आभाराच्या यादीत होतं, ते मी स्वतः खोडलं. त्या नेहमीच्या बसने गेल्या. मी स्टॉपवर जायचं ठरवलं होतं, पण नेमकी तपासणी समितीची फाइल आडवी आली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दिघोरीला मी दोनदा गेलो. एकदा बसमधून उतरलोच नाही. दुसऱ्यांदा त्यांच्या दारापर्यंत पोचलो. मॅडम ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या, समोर रिकामं स्टूल. जाळी तेवढी नव्हती. मी नमस्कार केला. त्यांनी चहा केला, मुलांची विचारपूस केली, एकेकाच्या छिद्रांसकट. अर्जाचा विषय निघाला नाही. निघताना मी म्हटलं, "येत जाईन मॅडम." त्या म्हणाल्या, "हो." मग मी गेलो नाही.

त्यांच्या जागी नवा माणूस भरलाच नाही. पदवीवाटपाची खिडकी, आधीच सांगितलेली खोड आठवा, माझ्याकडे आली. गेल्या जूनमध्ये वाटप सुरू होतं. मी मान खाली घालून रजिस्टर पुढे सरकवत होतो, सही घेत होतो. फटीतून एक हात आला, काळी दोरी बांधलेला चष्मा धरलेला.

"सर, करुणाचं द्या. ती पुन्याले गेली नोकरीले. अधिकारपत्र आनलं."

मी पदवी दिली. मॅडमनी ती उजेडात धरून वाचली. नाव, आईचं नाव, विषय, वर्ष, शिक्का. मग रजिस्टर ओढून घेतलं. करुणाच्या नावासमोर आधी स्पष्ट अक्षरात 'करिता' लिहिलं आणि मग सही केली. पेन उचलल्यावरही त्यांचा हात थोडा वेळ त्या ओळीवर राहिला.

"आता आखीन एक," त्या म्हणाल्या. पिशवीतून दुसरा कागद काढून त्यांनी काचेवर धरतात तसा जाळीवर सपाट धरला. बी.बी.ए., प्रथम वर्ष, नवा पॅटर्न, नियमित विद्यार्थी. फोटो नवा होता, केस सगळे पांढरे. "आत्ताच चढवा. माह्यासमोर. पडदा इकडं करा."

"मॅडम, पहिल्यापासून? पुन्हा सगळं?"

"तीन वर्षं तरी रोज कुठं जाले भेटन, जी."

मी पडदा फिरवला. एकेक रकाना भरला. त्या ओठ हलवत वाचत होत्या. शेवटचं बटण मी दाबलं, पावती निघाली, ती त्यांनी दोनदा वाचून पर्समध्ये ठेवली. पर्सच्या कप्प्यातून एका कोऱ्या कार्डाचा कोपरा दिसत होता. छिद्रं पाडलेली, एकही खाच नाही.

अशा वेळी मी हमखास काहीतरी बोलतो. म्हणालो, "मॅडम, आता तुम्ही काही काळजी करू नका. कोणताही कागद असो, काहीही काम असो, मला सांगा. मी आहे ना."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नोका जी, सर. माह्या मरनाचा दाखला काढाले तुमाले पाठवलं ना, तं मी कागदावर जिंदीच राहीन."